रेक्टमच्या ऑपरेशननंतरचं इरिगेशन किट: सव्वा वर्ष वापरलंय, सगळं सांगते

आमच्या शाळेत एक तास ३५ मिनिटांचा असतो. २०२३ मध्ये, म्हणजे रेक्टमच्या (मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग) कॅन्सरच्या ऑपरेशनच्या वेळी शी गोळा करायला पोटावर लावलेली पिशवी काढल्यावर, मला सलग ३५ मिनिटं वर्गात उभं राहता येत नव्हतं. आठवीचं बीजगणित शिकवताना फळ्यावर अर्धं समीकरण लिहून झालं की कळ यायची, खडू ठेवायचा आणि पळायचं, परत येऊन खडू हातात घेते न घेते तोवर पुन्हा. मुलं गुणी आहेत, एकानंही कधी काही विचारलं नाही, फक्त पहिल्या बाकावरची एक मुलगी रोज तास सुरू व्हायच्या आधी माझी मोठी पर्स टेबलावरून उचलून दाराजवळच्या खुर्चीवर ठेवायला लागली. त्या पर्समध्ये कपड्यांचा एक जोड आणि पॅड असायचे. मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

तर हा रिव्ह्यू ज्या वस्तूचा आहे ती म्हणजे गुदद्वारातून कोमट पाणी सोडून खालचं आतडं धुवायचं किट, डॉक्टर लोक त्याला ट्रान्सएनल इरिगेशन म्हणतात. एप्रिल २०२४ पासून वापरतेय. ब्रँड लिहीत नाही, दोनतीन प्रकारची किट्स मिळतात आणि कुणाला कुठलं चालेल हे आतडं जोडल्याचे टाके कुठे आहेत त्यावर ठरतं, त्यामुळे माझं बघून तेच मागवू नका. आणि किटसोबत जिने मला ते शिकवलं त्या सिस्टरच्या ट्रेनिंगचाही हा रिव्ह्यू आहे, कारण ते ट्रेनिंग नसतं तर हे किट माझ्याकडे कपाटावर धूळ खात पडलं असतं.

आधी माझं थोडक्यात. २०२१ च्या दिवाळीपासून रक्त जात होतं, मूळव्याध समजून तीनचार महिने चूर्णं आणि मलमं झाली (हे वाचणाऱ्या कुणाला आत्ता रक्त जात असेल तर कृपा करून मूळव्याध म्हणून सोडून देऊ नका, दुर्बिणीनं तपासून घ्या). तपासणीत गुदद्वारापासून साधारण ५ सेंटीमीटरवर गाठ निघाली. मग रेडिएशनच्या २५ सिटिंग आणि सोबत किमोच्या गोळ्या, त्यानंतर ऑपरेशन. रेक्टम जवळजवळ सगळं काढलं, वरचं आतडं खाली ओढून जोडलं आणि ते टाके भरून यावेत म्हणून पोटावर तात्पुरती पिशवी. नंतर किमो. जानेवारी २०२३ मध्ये पिशवी काढली. घरात सासूबाईंनी पुरणपोळी केली होती त्या दिवशी, सगळ्यांना वाटलं सुटलो.

पिशवी काढल्यानंतर तिसऱ्या दिवशी मी २२ वेळा संडासला गेले. हॉस्पिटलमध्ये म्हणाले सुरुवातीला होतं असं, हळूहळू बसेल. ते खरंही आहे, बऱ्याच जणांचं वर्ष दीड वर्षात बरंच सुधारतं. माझं २२ वरून ९-१० वर आलं आणि तिथेच अडकलं. आणि आकड्यापेक्षा वाईट होतं ते म्हणजे एकदा सुरू झालं की तासात चारपाच वेळा, थोडं थोडं, पोट साफ झालं असं कधी वाटायचंच नाही. वायू आहे की शी आहे ते कळायचं नाही. कळ आली की हातात एक मिनिट, कधी तेवढंही नाही. रात्री झोपेत कपडे खराब व्हायचे म्हणून मी वर्षभर खाली वेगळ्या गादीवर झोपले, ह्यांनी कधी काही म्हटलं नाही, पण एकाच खोलीत असून दोन टोकांना झोपणं म्हणजे काय ते ज्यांनी काढलंय त्यांनाच कळेल.

फॉलोअपला गेलं की सीटी नॉर्मल, सीईए (कॅन्सरवर लक्ष ठेवायची रक्ततपासणी) नॉर्मल, छान आहे, सहा महिन्यांनी या. मी एकदा धीर करून सांगितलं तर उत्तर आलं, कॅन्सर गेला ना बाई, मग एवढं चालायचंच. हॉस्पिटलचं नाव घेत नाही. ऑपरेशन त्यांनी उत्तम केलं, माझा जीव वाचवला, ते उपकार मी आयुष्यभर विसरणार नाही. पण त्या वाक्यानं माझं तोंड पुढचं वर्षभर बंद झालं आणि ते वर्ष मला कुणी परत देणार नाही.

या त्रासाला नाव आहे हे मला कळलं तेच मुळात १३ महिन्यांनी. लार्स म्हणतात, म्हणजे लो अँटिरिअर रिसेक्शन सिंड्रोम. पुण्यात दुसऱ्या एका डॉक्टरांकडे मत घ्यायला गेले तेव्हा त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. रेक्टम ही नुसती नळी नाही, ती साठवणीची टाकी आहे, भरली की ताणते, मेंदूला कळवते, थांब म्हटलं की थांबते, आणि आत वायू आहे की पातळ आहे की घट्ट हे ओळखायचं कामही त्याच भागात होतं. ती टाकी काढून तिथे आतड्याची सरळ नळी जोडली की साठवायला जागाच राहत नाही, त्यात रेडिएशननं खालचा भाग ताठर होतो, दार बंद ठेवणारा स्नायू थोडा सैल पडतो. जोड जितका खाली तितका त्रास जास्त. असं ऑपरेशन झालेल्या दहातल्या साधारण चार जणांना हा त्रास तीव्र स्वरूपात होतो, असं ते म्हणाले. दहातल्या चार! आणि मी समजत होते माझ्याच पोटाचं काहीतरी बिघडलंय, माझंच खाणं चुकतंय.

मग त्यांच्याकडच्या सिस्टरनी पाच प्रश्न विचारले, मराठीतच, तोंडी. हा लार्स स्कोअर डेन्मार्कच्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये तयार केलेला. वायू आवरत नाही असं होतं का, पातळ शी नकळत होते का, दिवसात किती वेळा जावं लागतं, जाऊन आल्यावर तासाभरात पुन्हा जावं लागतं का, आणि इतकी घाई होते का की पळावंच लागतं. एकूण ४२ मार्क. २० पर्यंत त्रास नाही धरतात, २१ ते २९ सौम्य, ३० पासून पुढे तीव्र. मला ४१ पडले.

मी गणिताची शिक्षिका, त्यामुळे तो मार्कांचा तक्ता मी घरी आणून नीट बघितला. दिवसात सातपेक्षा जास्त वेळा जावं लागलं तर ४ मार्क. दिवसात एकदाही नाही असं असेल तर ५, म्हणजे न होण्याला जास्त. पण घाईला १६ आणि पुन्हापुन्हा जाण्याला ११. आधी मला वाटलं काहीतरी उलटंपालटं छापलंय. मग सिस्टरनी फोनवर समजावलं की हे मार्क डॉक्टरांनी मनानं ठेवलेले नाहीत, ऑपरेशन झालेल्या शेकडो लोकांना विचारलं की यातल्या कशानं तुमचं जगणं जास्त बिघडतं, त्यावरून वजन दिलंय. हे ऐकून मी फोन ठेवून रडले. किती वेळा होतं हे सगळे विचारतात, पण पळावं लागतं का हे मला तोवर कुणी विचारलंच नव्हतं आणि इथे त्यालाच सगळ्यात जास्त मार्क होते.

किटच्या आधी बाकी उपाय झाले तेही सांगते, कारण किट पहिल्या पायरीवर नसतं आणि नसावंही. लोपरामाइडची (जुलाब थांबवायची) गोळी, जेवणाआधी अर्धा तास, डोस डॉक्टरांनी बसवून दिला, त्यानं पातळपणा कमी झाला. इसबगोल, पण आपण घेतो तसं ग्लासभर पाण्यातून रात्री नाही, थोड्याशा पाण्यात किंवा दह्यात, म्हणजे ते पाणी शोषून घेतं आणि शी बांधून येते. रिकाम्या पोटी चहा बंद केला, तो प्यायला की दहा मिनिटांत धावाधाव. पावटा, कोबी, कच्चा कांदा माझ्यासाठी वर्ज्य, भाकरी चालते, पोळी चालते, साधा दहीभात सगळ्यात छान. हे माझं, तुमचं वेगळं असेल, एक वही करा आणि आठ दिवस लिहून बघा. सांगलीतच एका फिजिओथेरपीच्या मॅडमकडे खालच्या स्नायूंचे व्यायाम शिकले, दहा सिटिंग केली, आवळून धरायची ताकद वाढली, वायूवर थोडा ताबा आला. आणि त्वचेची आग होते त्याला घासून पुसणं बंद, जेटनं धुवायचं, मऊ सुती कापडानं टिपायचं आणि झिंक ऑक्साइडचं मलम पातळ लावायचं. या सगळ्यानं दिवसाचे दहाचे सहासात झाले, पण तासात चारचार वेळा जाणं काही गेलं नाही. म्हणून मग इरिगेशन.

किटमध्ये असतं काय, तर पाण्याची पिशवी, तिच्यावर मिलीच्या खुणा, एक लांब नळी, मध्ये हातानं दाबायचा छोटा फुगा म्हणजे पंप, आणि टोकाला लावायचा मऊ कोन, म्हणजे शंकूसारखं तोंड. दुसऱ्या प्रकारात कोनाऐवजी बारीक कॅथेटर (लवचिक नळी) असतो आणि तो आत गेल्यावर त्याचा फुगा फुगवतात म्हणजे निसटत नाही. माझे टाके फार खाली आहेत म्हणून डॉक्टर म्हणाले फुगा नको, कोन घ्या. पाणी पिण्याचं, अंगाच्या उष्णतेएवढं, ३६ ते ३८ अंश. कमोडवर बसायचं, कोनाला जेल लावून धरायचा, हळूहळू पंप करायचा. पाणी आत जाऊन खालचं आणि डावीकडचं आतडं भरतं, कोन काढला की पाणी आणि साठलेलं सगळं बाहेर येतं. पुन्हा वरून माल खाली यायला वेळ लागतो, मधला काळ तुमचा. एवढंच त्याचं तत्त्व आहे. टाकी नाही ना, मग नळीच धुऊन रिकामी ठेवायची.

शेजारच्या काकू म्हणाल्या मग बस्ती घे की, आमच्याकडे वैद्य आहेत. त्यांचं प्रेम कळतं मला, पण हे बस्ती नाही आणि दुकानात मिळणारा एनिमाही नाही. इथे औषध, तेल, काढा काही नसतं, साधं पाणी असतं, किती आणि किती वेगानं जातंय ते आपल्या हातात असतं. आणि जोडलेल्या आतड्यात ज्याला त्या टाक्यांची माहिती नाही अशा कुणाच्याही हातून काही घालून घेऊ नका, हे मी हात जोडून सांगते. क्वचित का होईना, आतड्याला छिद्र पडण्याचा धोका असतो. मला सुरू करायच्या आधी डॉक्टरांनी बोटानं आणि दुर्बिणीनं टाके तपासले, जोड आकुंचन पावलेला नाही, गळती नाही, सूज नाही हे बघितलं, मगच हो म्हणाले. ऑपरेशन ताजं असताना हे करत नाहीत. आणि वापरताना जोरात दुखलं, रक्त आलं, नंतर ताप आला तर थांबायचं आणि थेट डॉक्टरांना फोन, उद्या बघू नाही.

ट्रेनिंगसाठी मी पुण्याला दोनदा गेले. एसटीनं जायची हिंमत नव्हती, कोयना एक्सप्रेसनं गेले कारण रेल्वेला संडास असतो, आणि तरीही मी आख्खा प्रवास डब्याच्या टोकाच्या सीटवर बसून काढला. पहिल्या दिवशी सिस्टरनी आधी सगळं कोरडं करून दाखवलं, टेबलावर, नळी कुठे जोडायची, हवा कशी काढायची. मग बाथरूममध्ये मी कमोडवर आणि त्या बाहेर दार थोडं उघडं ठेवून उभ्या. म्हणाल्या ताई, घाई करू नका, एक पंप आणि दहा मोजा. पहिल्यांदा फक्त २०० मिली. मला इतकी लाज वाटत होती की हात थरथरत होते आणि कोन बाजूनं गळत होता, पाणी पायावर. त्या आत आल्या, माझा हात धरला, कोनाचा तिरकेपणा बदलला, थोडा मागे पाठीच्या कण्याकडे, आणि गळती थांबली. एवढंच चुकत होतं. हे पुस्तिका वाचून कुणाला कळणार होतं? पुस्तिका तर इंग्रजीत, चित्रं बारीक, मराठी अक्षर नाही त्यात. सिस्टरनी मला चार ओळी स्वतःच्या हातानं मराठीत लिहून दिल्या त्या अजून बाथरूमच्या आरशाला चिकटवलेल्या आहेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून.

त्या पुढे दोन महिने दर आठवड्याला फोन करत होत्या. २०० मिलीवरून ४००, मग ६००, आता मी ७०० ला स्थिर आहे. कुणाला ५०० पुरतं, कुणाला हजार लागतं.

पहिले पंधरा दिवस वाईट होते, ते लपवत नाही. मी उत्साहानं पहाटे पावणेपाचचा गजर लावला, शाळा सकाळची ७:२० ची, म्हटलं करून जाऊ. केलं, छान साफ झालं, साडी नेसून शाळेत गेले आणि राष्ट्रगीताला उभी असताना आत राहिलेलं पाणी खाली आलं. नुसतं पाणी, पण साडीला ते कळत नाही. घरी आले आणि किट खोक्यात भरून टाकलं, म्हटलं नको हे. संध्याकाळी सिस्टरचा फोन आला, त्या म्हणाल्या रात्री करून बघा, शेवटचं पाणी यायला अर्धापाऊण तास द्या, उठायची घाई नको, पोटावर उजवीकडून डावीकडे हात फिरवा. तेव्हापासून मी रात्री नऊला करते. जेवण साडेसातला, नऊ ते पावणेदहा बाथरूम, मग एक पॅड लावून झोप, सकाळी पॅड कोरडं.

तिसऱ्या आठवड्यात एका गुरुवारी मी आठवीवर तास घेतला, लागून नववीवर तास घेतला, मग स्टाफरूममध्ये येऊन वह्या तपासायला बसले आणि कुणीतरी चहा पुढे केला तेव्हा लक्षात आलं की सकाळपासून मी गेलेच नाहीये. चहाचा कप तसाच हातात धरून बसले होते कितीतरी वेळ.

तीन महिन्यांनी सिस्टरनी पुन्हा पाच प्रश्न विचारले. ४१ चे २७ झाले. वायूचे ७ तसेच आहेत, ते काही जात नाहीत. नकळत शी होणं बंद, शून्य. दिवसातून दोनदा, शून्य. पुन्हापुन्हा जाणं आठवड्यातून एकदापेक्षा कमी, तरी त्याला ९ आहेत. आणि घाई महिन्यातून एखाद्या वेळी, ११. म्हणजे मी बरी झाले असं नाही, तीव्रची सौम्य झाले. पण जी वर्गाच्या दाराकडे पाठ करून उभी राहू शकत नव्हती ती आता मागच्या बाकापर्यंत चालत जाऊन मुलांच्या वह्या बघते.

दत्तजयंतीला वाडीला गेलो, नृसिंहवाडी सांगलीपासून काही लांब नाही पण दोन वर्षं मी गेले नव्हते, रांगेत उभं कोण राहणार. यावेळी रांगेत उभी राहिले, दर्शन झालं, ह्यांनी बासुंदी घेतली आणि माझ्याकडे बघितलं. मी दोन चमचे खाल्ली. दुधाचं मला अजून सोसत नाही फारसं, पण दोन चमचे खाल्ली आणि काही झालं नाही. आणि हो, खालची गादी आता पाहुण्यांसाठी आहे.

आता किटच्या तक्रारी. सगळ्यात मोठी, वेळ. रोज पाऊण तास बाथरूम अडवून बसायचं आणि घरात माणसं पाच, बाथरूम एक. आमच्याकडे सगळ्यांनी नऊच्या आधी आटपायचं असा नियम झालाय आणि माझा मुलगा बारावीला असूनही त्यानं एकदाही कुरकुर केली नाही, पण प्रत्येक घरात असं होईल असं नाही. दुसरी, याला कमोड लागतो. माहेरी गावाला भारतीय संडास आहे, तिथे उकिडवं बसून पंप आणि कोन दोन्ही सांभाळता येत नाही, मी करून बघितलंय. भावानं मग खुर्चीचा कमोड आणून ठेवला, वहिनीनं त्याला पडदा शिवला. तिसरी, पिशवी लटकवायला योग्य उंचीवर हुक लागतो, तो आधीच ठोकून घ्या, पहिल्या दिवशी मी टॉवेलच्या दांडीला बांधली आणि दांडीसकट खाली आली.

चौथी, खर्च. किट आमच्या दोनेक महिन्यांच्या किराण्याइतक्या किमतीला पडलं आणि कोन पुन्हापुन्हा मागवावे लागतात, तो खर्च कायमचा. सगळं खिशातून गेलं. ऑपरेशनला, किमोला धावून येणारे लोक आणि योजना असतात, पण नंतरच्या या रोजच्या पाण्याला कुणी नसतं, याचं मला फार वाईट वाटतं, कारण माझ्यासोबत वॉर्डात असलेल्या एक शेतमजूर मावशी होत्या, त्यांना मी किटबद्दल सांगितलं तर त्या म्हणाल्या बाई, तेवढ्यात माझं घर चालतं. त्यांनी काय करावं याचं उत्तर माझ्याकडे नाही. फिजिओचे व्यायाम, इसबगोल आणि गोळीचं वेळापत्रक एवढं तरी बिनखर्चाच्या जवळचं आहे, ते मी त्यांना सगळं लिहून दिलं आणि त्या डॉक्टरांचा पत्ता दिला.

पाचवी तक्रार मागवण्याची. ज्या पुरवठादाराकडून मी पहिल्यांदा मागवलं त्यानं खोक्यावर आतल्या वस्तूचं मोठं चित्र छापलेलं तसंच पाठवलं, वरून साधा कागदही नाही, आणि मी शाळेत असताना कुरिअरवाला ते खालच्या दुकानात ठेवून गेला. दिवसभर काउंटरवर होतं. फोन केला तर म्हणे पॅकिंग कंपनीचंच असतं. आता दुसऱ्याकडून मागवते, तो साध्या खोक्यात पाठवतो, आधी सांगायला लागतं एवढंच.

मार्क द्यायचे तर किटला पाचात चार, सिस्टरच्या ट्रेनिंगला पाचात पाच आणि खरं तर दहा.

हे सगळ्यांना लागू पडेल असं नाही. माझ्यासारखंच ऑपरेशन झालेल्या एका सरांनी महिनाभर करून सोडून दिलं, त्यांच्या पोटात फार मुरडा यायचा. त्यांना डॉक्टरांनी कमरेखाली मणक्याच्या टोकाजवळच्या नसांना हलका करंट देणाऱ्या छोट्या यंत्राबद्दल सांगितलंय, तो बराच महागडा उपाय आहे. आणि शेवटचा पर्याय म्हणजे कायमची पिशवी. तो शब्द ऐकला की आपल्याकडे लोक असे चेहरे करतात जसं काही हार मानली. मी स्वतः फेब्रुवारी २०२४ मध्ये पिशवी परत लावा म्हणायला गेले होते, तेच पुण्यातलं मत. पिशवी असताना मी वर्गात उभी राहू शकत होते, लग्नाला जाऊ शकत होते, हे मला आठवत होतं. उद्या किट चालेनासं झालं तर मी पुन्हा तोच विचार करीन आणि मला त्यात कमीपणा वाटणार नाही. मुंबईत ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया आहे, पिशवीवाल्या लोकांसाठी काम करते, ज्यांना त्या निर्णयाआधी पिशवीसह जगणाऱ्या माणसांशी बोलायचंय त्यांनी त्यांच्याकडे चौकशी करावी.

अजून ज्यांचं ऑपरेशन व्हायचंय त्यांच्यासाठी एक. सही करायच्या आधी डॉक्टरांना विचारा की जोड किती खाली येणार, पिशवी काढल्यावर पोटाचं काय होणार आणि तेव्हा मला कोण बघणार. हे विचारल्यानं ऑपरेशन बदलणार नाही कदाचित, पण २२ वेळा जाल त्या दिवशी तुम्हाला माहीत असेल की याला नाव आहे आणि कुणाला फोन करायचा. आणि पिशवी काढल्यावर सहा महिन्यांनीही पळापळ चालू असेल तर ते पाच प्रश्न स्वतःच कागदावर लिहून न्या, डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. तोंडानं सांगायला लाज वाटते, मला वाटत होती, कागदाला वाटत नाही.

थंडीत करणाऱ्यांसाठी शेवटचं. डिसेंबर जानेवारीत पिशवीतलं पाणी लटकवून नळी जोडेपर्यंत गार होतं आणि गार पाणी आत गेलं की असा मुरडा येतो की घाम फुटतो. मी पिशवी भरायच्या आधी तिच्यात एकदा कोमट पाणी फिरवून ओतून टाकते, मग भरते, आणि थर्मामीटर पिशवीतच टाकून बघते, कोपरानं अंदाज घेत नाही. ३८ च्या वर कधीही नाही, घाईत गीझरचं पाणी तसंच भरू नका. कोन संपायच्या पंधरा दिवस आधी मागवा, सांगलीला यायला आठ दिवस लागतात आणि मध्ये सुट्ट्या आल्या तर दहाबारा. कुणाला हुकची उंची किंवा त्या चार मराठी ओळी हव्या असतील तर खाली विचारा, शाळा सुटल्यावर उत्तर देते.